स्मारकावरची कुरडई

रणांगणाकडे निघालेल्या शूर जवानांना ज्यानं आपल्या पोलादी छातीवर वाहून नेलं, राष्ट्राच्या कसोटीच्या काळात जे क्षणभरही विसावलं नाही, असं एक इंजिन आमच्या घरासमोर उभं होतं. हे शब्द माझे नाहीत, त्या इंजिनासमोरच्या संगमरवरी पाटीवरचे आहेत. ते खोटे आहेत असंही नाही. इंजिनानं जवानांना खरंच नेलं होतं. मनमाडपर्यंत.

औरंगाबादहून निघालेली आमची छोट्या रुळांची गाडी मनमाडला संपायची. पुढं मोठे रूळ. तिथं सगळ्यांनाच उतरावं लागे, मग तो आघाडीवर निघालेला जवान असो की नाशिकला बारशाला निघालेली आत्या. जवान पलीकडच्या मोठ्या गाडीत बसत, आणि आमचं इंजिन तोंड फिरवून, पाणी पिऊन घरी येई. शत्रूच्या सर्वांत जवळ ते गेलं ते एवढंच. न विसावण्याबद्दल म्हणाल, तर वाटेतल्या प्रत्येक स्टेशनावर ते किती निवांत उभं राहायचं हे त्या गाडीनं गेलेला कोणीही सांगेल.

पाटीचा मजकूर माझ्या वडिलांनी लिहिला होता. ते मालधक्क्यावर बाबू होते आणि त्यांचं अक्षर चांगलं होतं, एवढ्यावर स्मारक समितीनं त्यांना साहित्यिक ठरवलं. त्यांच्या मूळ मजकुरात ‘मनमाडपर्यंत’ हा शब्द होता. समितीनं बाकी सगळं ठेवलं आणि तेवढा काढला.

इंजिनाची निवडही विचारपूर्वक झाली होती. लढाईच्या दिवसांत जवानांच्या गाड्या ओढणारी इंजिनं आणखीही होती, पण ती अजून कामावर होती. हे एकच असं होतं की ज्याच्यावाचून कोणाचंच अडणार नव्हतं. म्हणून सन्मान त्याचा झाला. ते निजामाच्या काळात आलेलं. पोलीस ॲक्शननंतर त्याच्या अंगावरची जुनी अक्षरं खरवडून नवी रंगवण्यात आली, पण उन्हानं रंग उडाला की खालची जुनी अक्षरं पुन्हा डोकं वर काढत. वडील म्हणायचे, “दोन राजवटी बघितल्या त्यानं. दोन्हींनी मनमाडलाच पाठवलं.”

स्टेशनरोड आणि रेल्वेच्या क्वार्टर्स यांच्यामधल्या तिकोनी मैदानात समितीनं इंजिनासाठी दगडी चौथरा बांधला. चौथऱ्याभोवती लोखंडी कठडा केला, कठड्याला फाटक, फाटकाला घट्ट कडी. आजूबाजूला एक झाड ठेवलं नाही, कारण झाडामुळे इंजिन झाकलं गेलं असतं. थोडक्यात, शेळी येणार नाही, कुत्रं येणार नाही, कोंबडी येणार नाही आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन हटणार नाही, अशी जागा तयार झाली. समितीला वाटलं आपण स्मारक बांधलं. आमच्या क्वार्टर्समधल्या बायकांनी पहिल्या उन्हाळ्यातच ओळखलं की शहरातली वाळवणाची सर्वांत चांगली जागा बांधून झाली आहे.

आमची घरं कौलारू, उतरत्या छपरांची. गच्ची नाही. अंगणात काही वाळत घालावं तर यार्डातल्या कोळशाची भुकटी, आणि शेजारच्या काकूंच्या शेळ्या. या काकू फुलंब्रीकडच्या. नवरा गार्ड, त्यामुळे घरात बहुतेक वेळा त्या आणि शेळ्याच असत. सगळ्यांत आधी त्यांनीच चौथऱ्यावर शेवया पसरल्या आणि दुपारी त्या हातानं मोडून बघत जाहीर केलं, “लई झ्याक वाळतंय. काळं लोखंड हाय ना, खालूनबी शेकतंय.”

या सगळ्याला विरोध करणारा माणूस एकच होता, हवालदारसाहेब. ते छावणीत राहायचे. फौजेतून निवृत्त झालेले. समितीनं स्मारकाची देखभाल त्यांच्याकडे सोपवली होती. समितीचे बाकीचे लोक वर्षातून एकदा हार घेऊन येत, हे रोज सायकलवर येत. चपला फाटकाबाहेर काढून आत जात, पितळी भाग चिंचेनं घासत, पुसत, आणि निघताना इंजिनाला कडक सलाम ठोकत. सुरुवातीला मला त्याचं हसू यायचं. मी तेव्हा कॉलेजात होते आणि सलाम, भाषणं, उद्घाटनं या सगळ्याला हसणं हा अभ्यासाचाच भाग समजत होते. मग एकदा घासता घासता ते वडिलांना म्हणाले, की ते स्वतः या इंजिनाच्या गाडीनं मनमाडला गेले होते आणि त्यांच्या डब्यातले सगळे परत आले नाहीत. एवढंच. त्या दिवसापासून मी समितीला हसायचे, त्यांच्या सलामाला नाही.

आईशी मात्र त्यांचं दर उन्हाळ्यात वाजायचं.

“भाभी, ये शहीदां का इंजिन है. इसको पापड का तवा नक्को बनाओ.”

“तवा कशाला म्हणता हवालदारसाहेब? तव्यावर करपतात.”

“आन् तुमचे शहीद काय उपाशी गेले व्हय?” काकू कठड्यापलीकडून विचारत. “त्येंच्या आयांनीबी कुरडया घातल्याच आसतील की.”

यावर हवालदारसाहेब शिटीचं पितळ आणखी जोरानं घासायला लागत. शेवटी त्यांनी समितीकडून एक पत्र्याची पाटी रंगवून आणली आणि कठड्याला अडकवली : ‘स्मारकावर पापड वाळत घालू नयेत.’ काकूंनी ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. “पापडच म्हनलंय ना? मंग बाकीच्याला काय हरकत नाय,” म्हणाल्या, आणि सांडग्यांची परात घेऊन फाटकाची कडी काढली.

असं सगळं गुण्यागोविंदानं चाललेलं असताना माझ्या ताईचं लग्न ठरलं.

स्थळ कन्नड गावचं. मुलगा साखर कारखान्यात, घरची शेती, माणसं चांगली. विहीणबाई तर फारच चांगल्या. बैठकीत चहाची बशी खाली ठेवत त्या हसून म्हणाल्या, “आमचं मागणं काय बी नाय. पोरगी आन् नारळ द्या.” आईनं सुटकेचा श्वास सोडला. तो तिनं थोडा लवकर सोडला होता.

“फकस्त रुखवतात मोठी कुरडई आसतीया आमच्यात,” विहीणबाई पुढं म्हणाल्या. “परातीयेवढी. एकसंध. तेवढीच रीत. थोरल्या सुनंच्या माहेरच्यांनी आणली व्हती, तर मांडतानाच फुटली बघा. आता आमी काय बोललो नाय. पर भावकी आयकती व्हय? अजून तिला ‘तुकड्याची’ म्हनत्यात.”

थोरली सून तिथंच दाराशी उभी होती. ती पदराशी चाळा करत जमिनीकडे बघत राहिली. तिला दोन मुलं झाली होती, मोठा शाळेत जात होता, आणि ती अजून तुकड्याची होती.

त्या दिवसापासून आईला दागिने, आहेर, मानपान यातल्या कशाचीच काळजी उरली नाही. तिला परातीएवढी कुरडई दिसू लागली. वडिलांनी समजावून पाहिलं. “अगं, कुरडई आहे. फुटली तर फुटली.”

“तुमचं काय जातंय? जन्मभर माझ्या पोरीला ‘तुकड्याची’ म्हणून हाक मारतील.”

ताई हसली, पण मला दिसलं की ती आईकडे न बघता हसली.

कुरडईचं काम ज्यानं पाहिलं नाही त्याला ते पापडासारखं वाटतं. पापड उद्यावर ढकलता येतो. कुरडईचा गहू एकदा भिजला की तो आपल्याला वेळापत्रक देतो. तीन दिवस रोज पाणी बदलायचं, मग वाटायचा, गाळायचा, चीक तळाशी बसू द्यायचा, वरचं पाणी ओतून टाकायचं. आणि मग भल्या सकाळी मिठाच्या उकळत्या पाण्यात तो चीक घोटायचा. चीक शिजला की थांबता येत नाही, गरम असतानाच सोऱ्यातून घालावा लागतो. घातल्यावर कडक ऊन हवं, नाहीतर कुरडई आंबते. आणि मोठ्या कुरडईची आणखी एक अट : अर्धवट वाळलेली असताना ती जागची हलवायची नाही. हलवली की मोडली. लग्न आठवड्यावर आलं होतं, म्हणजे दुसऱ्यांदा गहू भिजवायला सवड नव्हती.

ठरल्या सकाळी आई चुलीपाशी उभी होती. पातेल्यात पाण्याला उकळी आली होती, काकू लाटण्यासारखा जाड दांडका घेऊन घोटायला तयार होत्या, आईनं मिठाची मूठ भरली होती, आणि बाहेरून हवालदारसाहेबांची हाक आली. हाकेत घाबरेपणा होता, म्हणून आई मूठ तशीच घेऊन दाराशी गेली.

“भाभी, आज कुछ नहीं सुखाना! एकदम नक्को! दिल्ली से बहुत बड़े साहब आए, वेरूळ देखने कू. किसी ने स्मारक का बोल दिया. अब्बी दस बजे फूल चढ़ाने कू आ रहे.”

“उद्या येऊ द्या त्यांना.”

“भाभी!”

“हवालदारसाहेब, चीक शिजायला घेतलाय. पोरीच्या रुखवताची कुरडई आहे. ती आज पडली नाही तर लग्नात काय ठेवू, तुमचं इंजिन?” आई हातवारे करून बोलत होती आणि तिच्या मुठीतलं मीठ उंबऱ्यावर सांडत होतं. तिकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

हवालदारसाहेबांना विहीणबाईंचा किस्सा ठाऊक होता. तो सगळ्या क्वार्टर्सना ठाऊक होता. ते थोडा वेळ इंजिनाकडे बघत राहिले. त्यांना स्वतःला तीन मुली होत्या, तिघीही लग्नाच्या.

“चौथरे पे कुछ नक्को,” शेवटी ते हळू आवाजात म्हणाले. “वो पीछे कोयले की टाकी है ना, उसके ऊपर डालो. नीचे से दिखती नहीं. एकच. और जल्दी.”

इंजिनाच्या मागं कोळशाची जी टाकी होती, तिच्यात पोरं कचरा टाकतात म्हणून समितीनं ती वरून सपाट पत्रा ठोकून बंद केली होती. काळा, रुंद, तापणारा पत्रा. आम्ही तिघी-चौघी इंजिनाच्या पायऱ्यांवरून वर चढलो, एकीनं गरम पातेलं धरलेलं, एकीनं धुतलेलं पांढरं धोतर. आईनं धोतर पसरलं, सोऱ्या हातात घेतला आणि मधून सुरुवात करून बाहेर बाहेर फिरत गेली. काकू सोऱ्या भरून देत होत्या. कुरडई परातीपेक्षाही मोठी झाली. एकदाही तार तुटली नाही. घामानं निथळत आई खाली उतरली आणि म्हणाली, “आता तिच्यावर सावलीसुद्धा पडू देऊ नका.”

साहेब दहाच्या आधीच आले.

फौजेतले निवृत्त अधिकारी, उंच, पांढऱ्या मिशांचे, सभ्य गृहस्थ. बरोबर समितीचे अध्यक्ष होते, समितीचे बाकीचे लोक आणि एक फोटोग्राफर. आम्ही आमच्या खिडकीतून बघत होतो. साहेबांनी चौथऱ्यावर पुष्पचक्र वाहिलं, पाटी वाचून घेतली, आणि ‘रणांगणाकडे’ या शब्दाचा अर्थ कळल्यावर मान हलवली. वडील तेवढ्यात खिडकीतून बाजूला झाले. सगळं व्यवस्थित संपत आलं होतं. मग साहेबांनी इंजिनाच्या पायऱ्यांकडे बघितलं.

“ऊपर जा सकते हैं?”

“क्यों नहीं, सर!” अध्यक्ष म्हणाले. अध्यक्ष अशा माणसांपैकी होते की साहेबांनी इंजिन चालू करता येईल का असं विचारलं असतं तरी हेच म्हणाले असते.

आईनं माझा दंड पकडला. वर ड्रायव्हरच्या जागी उभं राहिलं की समोर बॉयलर आणि पाठीमागं, छातीच्या उंचीवर, टाकीचा पत्रा. हवालदारसाहेब सगळ्यांच्या आधी वर चढले. त्यांच्या हातात उरलेला एक झेंडूचा हार होता. पुढं काय सुचलं त्यांना कोण जाणे, त्यांनी तो हार कुरडईच्या कडेनं गोल ठेवला आणि सावधान होऊन उभे राहिले.

साहेब वर आले. फोटोग्राफरनं खालून विनंती केली, “सर, चष्मा ज़रा निकाल दीजिए, चमक रहा है.” साहेबांनी चष्मा काढला, फोटो झाला, आणि ते मागं वळले.

काळ्याभोर लोखंडावर, पांढऱ्या धोतरावर, झेंडूच्या कडेत, पांढरंशुभ्र, जाळीदार, गोल असं काहीतरी होतं.

“और ये?”

“सर, ये इधर की औरतां की तरफ से है.”

“अच्छा! कौन से फूल हैं?”

हवालदारसाहेब इंजिनापुढं आजवर कधी खोटं बोलले नव्हते. “गेहूँ का है, सर.”

साहेब सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “अन्न. किसान माँओं ने अन्न चढ़ाया है. इससे बड़ा फूल क्या होगा?” अध्यक्षांनी ताबडतोब डोळे पुसले. आणि साहेबांनी, भावना अनावर झाल्यामुळे असेल, कुरडईला हात लावायला हात पुढं केला.

माझ्या दंडात आईची नखं रुतली. अर्ध्या वाळल्या कुरडईला बोट लागलं असतं तर ताईचं कन्नडमधलं सगळं आयुष्य तिथंच ठरलं असतं.

“सर, हाथ नक्को—” हवालदारसाहेबांच्या तोंडून निघून गेलं. मग त्यांनी आवाज सावरला. “सर, इधर का रिवाज है. छूते नहीं.”

तो रिवाज त्याच क्षणी सुरू झाला होता.

साहेबांनी हात मागं घेतला. टाचा जुळवल्या आणि कुरडईला सलाम केला. चांगला लांब, लष्करी सलाम. खाली समितीनं मान खाली घातली. हवालदारसाहेबांनीही सलाम केला, आणि तो रोजचाच होता. मला वाटतं तो त्यांनी कुरडईला केला नसावा. खिडकीत आई पुटपुटत होती, “झालं आता, उतरा. उतरा. ऊन अडतंय.”

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात फोटोखाली छापून आलं की स्थानिक भगिनींनी धान्याचं पुष्पचक्र अर्पण करून हुतात्म्यांना आगळी श्रद्धांजली वाहिली. काकूंनी तेही माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. “भगिनी म्हंजी आपुनच ना?” हवालदारसाहेब मात्र त्या आठवड्यात आईशी फार बोलले नाहीत. रोज येत, पितळ घासत, सलाम करून जात. चौथ्या-पाचव्या दिवशी निघताना म्हणाले, “मेरे साथ जो थे ना भाभी, उसमें एक को कुरडई भोत पसंद थी.” आणि सायकलवर बसून गेले.

कुरडई उन्हात खणखणीत वाळली. लग्नात रुखवताच्या मधोमध मांडली. विहीणबाई तिच्याभोवती पूर्ण फेरी मारून आल्या, वाकून सगळ्या कडा पाहिल्या, बोटानं टिचकी मारली. मग वडिलांना विचारलं, “हिला दिल्लीच्या सायबानं सलाम केला म्हनं?”

“केला,” वडील म्हणाले. “सगळ्यांसमोर.”

“मंग आमी काय बोलावं?” विहीणबाई म्हणाल्या, आणि खरंच काही बोलल्या नाहीत. भावकीत ताईला ‘सलामाची’ म्हणू लागले. आजही म्हणतात. मला सगळ्यांत जास्त आठवते ती थोरली सून. तिनं ताईच्या कपाळाला कुंकू लावलं आणि कानात म्हणाली, “बरं झालं बाई. दोघी तुकड्याच्या झालो असतो तर हाक मारताना घोटाळा झाला असता.”

समितीनं पुढच्या वर्षी आईला रीतसर विनंती केली की धान्याच्या पुष्पचक्राची परंपरा खंडित होऊ देऊ नये. आईनं एक अट घातली, आणि पत्र्याची पाटी काढण्यात आली.

कुरडई लग्नानंतर कन्नडला गेली. एस.टी.त तिच्यासाठी वेगळी जागा धरली होती. विहीणबाई उभ्यानं गेल्या. पुढं पावसाळ्यात पाहुणे आले तेव्हा ती तळायला काढली. कढईत मावेना, म्हणून विहीणबाईंनी स्वतःच्या हातानं तिचे तुकडे केले.

मीठ कमी होतं.